घंटेच्या आतलं

“सिस्टर, मला जरा अनकम्फर्टेबल वाटतंय,” कोचावर आडवे झालेले रणभिसे सर इंग्रजीत म्हणाले.

मी लगेच कामाला लागले. कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, गोळी घेतली का, कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे का. सगळं इंग्रजीत, खडाखडा, कुठं अडखळणं नाही की चूक नाही. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते.

सर उठून बसले आणि त्यांनी टीपॉयवरची पितळी घंटा टण्णकन वाजवली.

“नापास,” ते मराठीत म्हणाले.

“का? कुठं चुकलं?”

“इंग्रजी कुठंच चुकलं नाही. पण तो बिचारा दुखतंय असं म्हणालाच नव्हता. तू आपलं दुखणं त्याच्या गळ्यात मारलंस.”

“अनकम्फर्टेबल म्हणजे तेच ना, सर?”

“तेच कसं? अगं, हा शब्द कुणाच्याही पंगतीला बसतो. खुर्ची अनकम्फर्टेबल असते, बूट असतात. शांतता असते, प्रश्न असतो, सत्यसुद्धा असतं. त्याला शेजारी कोण बसलंय त्यावरून ओळखायचं. पण माणूस जेव्हा स्वतःबद्दल म्हणतो आणि वर त्याला ‘जरा’ लावतो, तेव्हा कान टवकारायचे. साहेबाचं ‘जरा’ फार खोल असतं.”

“आपल्याकडं बरं आहे मग. आपला माणूस मेलो मेलो म्हणून अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतो.”

“नुसतं ‘जरा’ म्हणणारे आपल्याकडंही असतात,” सर म्हणाले. “ते वॉर्डापर्यंत येत नाहीत, एवढंच.”

ही मिरजेतली गोष्ट, मी इंग्लंडला यायच्या आधीच्या हिवाळ्यातली. मिरजेला माणसं दोन कामांसाठी येतात, एक दवाखाना आणि दुसरं म्हणजे गाडी बदलायला. मी पहिल्यासाठी आले आणि दुसऱ्याची वाट बघत बसले होते. एका खाजगी हॉस्पिटलात नर्स होते आणि स्टेशनच्या बाजूला भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. नवऱ्याचं घर सोडून बरेच दिवस झाले होते. का सोडलं असं कुणी विचारलं की मी पाणी आणायला उठत असे. इचलकरंजीला भावाकडे गेले तर वहिनी पाट मांडून, ताटाभोवती रांगोळी काढून जेवायला वाढायची. माहेरी एवढा पाहुणचार व्हायला लागला की आपण समजून घ्यावं.

त्यामुळे इंग्लंडची नोकरी मला हवी होती. नोकरी मिळालीही होती, पण नर्सेसची इंग्रजीची परीक्षा आडवी आली. लिहिणं, वाचणं, ऐकणं यांत मी पास. बोलण्यात मात्र एकदा सोडून दोनदा आपटले. त्या परीक्षेत परीक्षक पेशंट होतो आणि आपण नर्स. पेशंटच्या मनात एक काळजी दडवलेली असते, ती हळूच काढून घ्यायची असते. मला ते जमत नव्हतं. मी सूचना उत्तम द्यायचे, पण विचारायचे नाही. कुणाला काही विचारायचं नाही, म्हणजे आपल्यालाही कुणी विचारत नाही, असा हिशेब मी आयुष्यभर लावला होता आणि तो मला सोयीचा होता. पण आता तिसऱ्यांदा नापास झाले असते तर तिकडच्या हॉस्पिटलनं दुसरं कुणीतरी बघितलं असतं.

रणभिसे सरांचं नाव मला आमच्या मेट्रननं सुचवलं. हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. पत्नी सुमतीबाई दोनेक वर्षांपूर्वी गेलेल्या, एकुलता मुलगा विनय टोरांटोला. चर्चच्या मागच्या बोळात त्यांचं बैठं घर होतं, आणि त्या घरात ते आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच बोलणारे. फी घेत नसत. पेरू आणलेले चालायचे, तेही पिकलेले नाहीत, दाताला झोंबतील असे कच्चे.

घंटा त्यांना शाळेनं निरोप समारंभात दिलेली होती. त्यांचा नियम असा की घंटा वाजली की नाटक सुरू. मग मराठी बंद, सर बंद, पद्मजा बंद. ते पेशंट आणि मी सिस्टर. पुन्हा घंटा वाजली की नाटक संपलं. “आणि घंटेच्या आतलं घंटेच्या आतच राहील,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “मी पेशंट म्हणून तुला शिव्या दिल्या तर नंतर रुसायचं नाही.”

शिव्या त्यांनी भरपूर दिल्या. सुरुवातीला आम्ही परीक्षेच्या पुस्तकातली नाटकं केली आणि ती संपल्यावर सर स्वतःच पेशंट रचायला लागले. गुडघा बदललेली खाष्ट मेमसाहेब, दारू सोडतो सोडतो म्हणणारा खलाशी, इंजेक्शनला घाबरणारा पोलीस. मेमसाहेब झाले की सुमतीबाईंची शाल डोक्यावरून घ्यायचे आणि असे कण्हायचे की बोळातली कुत्री भुंकायला लागायची. मी हसून लोळायचे. खोलीवर परतल्यावर लक्षात यायचं की आठवड्यातलं आपलं हसणं तेवढंच.

दिवाळीनंतर मात्र एकच पेशंट यायला लागला, मिस्टर हॅरिस. लीड्सचा निवृत्त रेल्वे गार्ड, बायको वारलेली, मुलगा परदेशात. हॅरिस सभ्य होता. तक्रार एकच, जेवताना जरा अनकम्फर्टेबल वाटतं. तो रोज थोडं थोडं सांगायचा आणि मी रोज त्याला सूचना द्यायचे. मऊ खा, सावकाश खा, बसून खा. सर घंटा वाजवून म्हणायचे, “बरं आहे. पण अजून तू विचारत नाहीस.”

मग एका रविवारी दुपारी मी पेरूंची पिशवी घेऊन आले तर फाटकात गोदूबाई उभी. ती सरांचा स्वयंपाक करायची, सुमतीबाई असल्यापासून. एरवी मला बघून मान हलवून निघून जाणारी, त्या दिवशी वाटच अडवली.

“सिस्टर, तुमी दवाखान्यातल्या. सरास्नी जरा इचारा की.”

“काय झालं?”

“भाकरीला हात लावंनात. दुधात कुस्करून दिली तरी तशीच ऱ्हातीया. परवा तर पाणीबी घोट घोट करून पीत हुते, डोळं मिटून. मी इचारलं तर म्हंत्यात, गोदू, तुज्या हाताची चव गेली. माज्या हाताची! बाईसाब हुत्या तवापासनं माज्याच हातचं खात्यात न्हवं?”

“विनयला कळवलंय का?”

“त्येंचा फोन आला की सर असं बोलत्यात, जसं काय आत्ताच लग्नाची पंगत उठवून आल्यात. मी मधी काय बोलू? माज्याकडं बघत्यात डोळं वटारून.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “इचारा बगा. माजं न्हाई ऐकत.”

मी आत गेले. मागच्या खेपेला आणलेले पेरू ताटलीत तसेच होते, पिवळे पडून, काळे डाग पडून. सर नेहमीसारखे इस्त्रीच्या शर्टात बसले होते. त्या दिवशी मी प्रथमच नर्सच्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. कॉलरमध्ये आणखी एक मान मावली असती.

“सर, तब्येत बरी आहे ना?”

“फर्स्ट क्लास.”

“जेवलात?”

“दाबून. गोदूनं काही सांगितलं का? ती म्हातारी झालीय, तिला सगळीकडं आजार दिसतात.”

“करमतं का इथं एकटं?” मी बळंच आणखी एक विचारलं. माझ्यासारखीला तेवढंही खूप होतं.

“न करमायला काय झालं? पुस्तकं आहेत, चर्च आहे, तू आहेस डोकं खायला. चल, वेळ घालवू नकोस, परीक्षा आली जवळ.” त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. घंटा वाजवली आणि कोचावर आडवे झाले.

यापुढचं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते.

“नमस्कार, मिस्टर हॅरिस. आज कसं वाटतंय?”

“जेवताना जरा अनकम्फर्टेबल वाटतं, सिस्टर.”

सूचना माझ्या जिभेवर तयार होत्या. पण आज मी त्या गिळल्या.

“अनकम्फर्टेबल म्हणजे कसं, ते मला सांगाल?”

त्यांनी छातीच्या मधोमध तळहात ठेवला. “इथं. घास इथं येऊन थांबतो. उतरायचं की नाही याचा विचार करत बसतो.”

“कुठला घास?”

“आधी फक्त पावाचा कडक भाग थांबायचा. मग पाव. आता सूपसुद्धा रेंगाळतं.”

मेमसाहेब कण्हायची, खलाशी छाती बडवायचा, पोलीस डोळे पांढरे करायचा. हॅरिस काहीच करत नव्हता. छतातल्या पंख्याकडे बघत तो एखाद्यानं गाड्यांच्या वेळा सांगाव्यात तसं सांगत होता. एवढा वाईट नट रणभिसे सर कधीच नव्हते. हे नाटकच नव्हतं.

“डॉक्टरांना दाखवलंत, मिस्टर हॅरिस?”

“गरज नाही. वय झालं की असं होतंच.” आणि त्यांचा हात घंटेकडे गेला.

मी झटकन पुढं होऊन घंटेवर तळवा ठेवला.

सरांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या विद्यार्थ्यानं त्यांच्या हातातला खडू काढून घ्यावा, तसं ते बघणं होतं. मी मराठीत बोलले असते तर त्यांनी ‘फर्स्ट क्लास’ म्हणून मला चहा करायला पाठवलं असतं, आणि मीही गेले असते. हे मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी मराठीत बोलले नाही.

“अजून संपलेलं नाही, मिस्टर हॅरिस,” मी म्हणाले. “तुम्हाला भीती कशाची वाटते?”

सर गप्प झाले. मीही गप्प बसले. एरवी मी असल्या वेळी पाणी आणायला उठते, पण तेव्हा घंटेवर हात होता, उठता येत नव्हतं. स्टेशनच्या यार्डात कुठंतरी इंजिन शंटिंग करत होतं. घड्याळ चाललं होतं. ती शांतता अनकम्फर्टेबल होती, अगदी सरांनी शिकवलेल्या पंगतीतली, आणि मला वाटलं की आता हे उठून मला बाहेर जा म्हणणार.

“सुमती होती तेव्हा,” ते इंग्रजीतच म्हणाले, “दाढी करताना ब्लेड लागलं तरी मी गल्ली गोळा करायचो. ती म्हणायची, लहान मुलं बरी. सिस्टर, दुखतंय असं म्हणायला समोर माणूस लागतं. भिंतीला सांगून काय करायचं?”

हॅरिसच्या बायकोला आम्ही कधी नाव दिलेलं नव्हतं. मी पुढचं विचारलं.

“आणि मुलगा?”

“मुलगा रविवारी फोन करतो. त्याला लांबून काही करता येत नाही, त्यामुळं त्याला चांगलं तेच सांगायचं असतं. भीती मरायची नाही, सिस्टर. त्या टेबलावर मी आडवा असेन, ते आत नळी घालतील, आणि बाहेर बाकावर कुणीच बसलेलं नसेल. डॉक्टर दार उघडून विचारेल, यांच्याबरोबर कोण आहे? आणि कुणी उठणार नाही. मला त्याची भीती वाटते.”

त्यांचा आवाज स्थिर होता, पण डोळ्याच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. ते त्यांनी पुसलं नाही. हा माणूस कितीतरी दिवस माझ्यासमोर हेच सांगत होता, त्याला सांगता येईल अशा एकाच भाषेत. आणि बाहेरच्या बाकावर माझ्यासाठी तरी कोण बसणार होतं?

“मिस्टर हॅरिस,” मी म्हणाले, “उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये येताय. मी बाहेर बसणार नाही. मी आत, तुमच्या उशाशी उभी राहणार.”

“तुझी परीक्षा आहे या आठवड्यात.”

“ती पद्मजाची आहे. इथं फक्त सिस्टर आहे.”

त्यांनी आता कुठं कानाकडचं पाणी पुसलं.

“ठीक आहे. हॅरिस येईल,” ते म्हणाले.

मी घंटेवरचा हात काढला. त्यांनी ती उचलली आणि अगदी हळू वाजवली. मग उठून बसले, चष्मा पुसला, शर्ट नीट केला.

“आज पास,” ते मराठीत म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “रिक्षा तू आणशील, का मी गोदूला सांगू?”

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. गोदूबाई डोक्यावरून पदर घेऊन आमच्याबरोबर रिक्षात बसली, कुणी विचारायच्या आधीच. आमचे डॉक्टर तरुण होते आणि फार अदबीनं वागणारे. सरांच्या घशात औषधाचा फवारा मारून त्यांनी हातात दुर्बिणीची नळी घेतली.

“थोडं अनकम्फर्टेबल वाटेल हं, सर,” ते म्हणाले.

तशाही अवस्थेत सरांनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली. मग त्यांनी माझा हात धरला. तोंडात नळी असल्यानं बोलता येत नव्हतं, पण त्यांची बोटं माझ्या बोटांत अशी रुतली की माझी अंगठी आत गेली. बाहेरून गोदूबाईचा आवाज येत होता. ती वॉर्डबॉयला ठणकावून सांगत होती, “आमी हाय की त्येंच्यासंगं!”

झाल्यावर मी त्यांना आधार देऊन बसवलं. ते टेबलाच्या कडेला पाय सोडून बसले.

“दुखलं गं,” ते म्हणाले. मराठीत.

“हो, सर.”

“लई दुखलं, पद्मजा.”

जन्मभर पुस्तकी मराठी आणि चोख इंग्रजी बोललेला तो माणूस ‘लई’ म्हणाला, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्यांची पाठ चोळत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर त्रास होता आणि सुटल्यासारखंही काहीतरी होतं.

गाठ निघाली. वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले. विनयला फोन सरांनी स्वतः केला, रविवारची वाट न बघता. तो मिळेल त्या विमानानं आला आणि ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर जागा अपुरी पडली. माझी परीक्षा त्याआधी, दुर्बिणीच्या तपासणीच्याच आठवड्यात झाली होती. परीक्षक बाई पेशंट झाल्या होत्या आणि मला काहीच होत नाही म्हणत होत्या. मी सूचना दिल्या नाहीत. त्यांना भीती कशाची वाटते ते विचारलं आणि गप्प बसले. पास झाले.

सर त्यानंतर चांगले जगले. आता ते नाहीत, गोदूबाईही नाही. पण मला सांगायचंय ते मी इथं आले त्या पहिल्या हिवाळ्यातलं.

मला हॉस्पिटलनं खोली दिली होती. पलंग मऊ, पायाखाली गालिचा, खिडकीखाली हीटर. तक्रारीला जागाच नव्हती. ड्यूटीवर लोक दिवसभर मला डिअर म्हणायचे, लव्ह म्हणायचे, आणि ड्यूटी संपली की दारातून निघताना एकालाही माझं नाव माहीत नसायचं. भावाला फोनवर मी मजेत आहे म्हणायचे. संध्याकाळी चारला अंधार पडायचा, आणि मी भात लावून कुकरची शिट्टी ऐकत बसायचे, कारण खोलीत तेवढाच ओळखीचा आवाज होता.

एका रविवारी दुपारी जेवायला बसतच होते, तोच सरांचा फोन आला. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

“कशी आहेस?”

“फर्स्ट क्लास.”

हजारो मैलांवरून टण्णकन आवाज आला. घंटा.

“गुड आफ्टरनून, मिस चौगुले,” सर इंग्रजीत म्हणाले. “मी ड्यूटीवरचा ब्रदर रणभिसे. आज तुम्हाला कसं वाटतंय?”

मी हसले. “जरा अनकम्फर्टेबल वाटतंय, ब्रदर.”

“काय अनकम्फर्टेबल आहे?”

“खुर्ची.”

“बदलली. आता?”

“बूट चावतात.”

“काढून ठेवा. आता?”

ब्रदर रणभिसे थांबून राहिले. घाई त्यांना कधीच नव्हती.

“मिस चौगुले,” ते म्हणाले, “तुम्ही जेवता कुणाबरोबर?”

मी ताटाकडे बघितलं. भात, आमटी, लोणच्याची एक फोड. समोरची खुर्ची भिंतीला लावलेली होती, कारण ती मध्ये यायची. पाणी आणायला उठावं म्हणून मी अर्धी उठलेसुद्धा, पण तांब्या भरलेला होता.

“करमत नाही, सर,” मी म्हणाले. मराठीत.

“दुसरी घंटा वाजली नव्हती अजून.”

“हो.”

“असू दे.” खाली काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. “गोदू, ही घंटा आत नेऊन ठेव गं. हां, पद्मजा. बोल आता.”

ताटातला भात गार होत होता. मी भिंतीची खुर्ची ओढून समोर घेतली, तिच्यावर पाय ठेवले, आणि नवऱ्याचं घर का सोडलं तिथपासून सांगायला सुरुवात केली.